दोन वाट्या

१

सोनं धुवाचं म्हणजे काही मोठी विद्या नाही. रिठे आदल्या दिवशी भिजू घालाचे, कुस्करून गाळाचे, पाणी कोमट कराचं अन् दागिने त्यात सोडाचे. गळ्यातली एकदाणी तेवढी साध्या पाण्यात धुवाची, कारण तिच्या मण्यांत लाख भरली असते, ऊन लागली का पाघळते. ब्रश दात घासाचाच, पण वापरून मऊ झालेला. मग चांगल्या पाण्यात खळबळून मलमलच्या फडक्यावर टाकाचं, सुकलं का सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळून डब्यात. मले आता दुसरं काम नाही, म्हणून एवढं सांगून राह्यली.

आमच्या घरी फक्त एक गोष्ट वेगळी. वाट्या दोन लागतात. स्टीलची माझी अन् पितळेची तिची.

ती म्हणजे अल्का, माझ्या नवऱ्याची पहिली बायको. नयन लहान असतानाच ती काविळीनं गेली, अन् वर्षाच्या आत प्रफुल्लनं मले करून आणलं. मी आली त्याच दिवशी सासूनं, विमलताईनं, माझ्या पोतीत चांदीचा एक टाक अडकवला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई ठोकलेली. सवतीचा टाक. दुसरपणाची बायको असली का पहिलीले गळ्यात घेऊनच फिरा लागते, नाहीतं ती घराले सुखानं राहू देत नाही म्हणतात. घरात नवं लुगडं आलं का आधी टाकाले लावाचं, मग आपण नेसाचं. हळदीकुंकूही आधी टाकाले. सणाच्या दिवशी सासू माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरे अन् म्हणे, "अल्का, घे बाई. पहिला मान तुहा." तेवढा वेळ मी खुंटी होऊन उभी राहाची.

मले मात्र तिनं कधी नावानं हाक मारली नाही. सोळा वर्षं मी "नवी". नवी, च्या ठेव. नवी, पाणी आलं का. माझं नाव सुरभी आहे हे तिले माहीत होतं का नाही, देव जाणे.

अन् वाट्यांचं तिनंच बजावलं होतं. "तिचं सोनं तिच्या पाण्यात, टाकही तिच्याच पाण्यात. तुहं तुह्या पाण्यात. पाणी एक करजो नको."

"काहून, आत्याबाई?"

"नाही कराचं म्हणून नाही कराचं. सगळ्यालेच काहून लागते का तुले?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

२

नयनचं लग्न वैशाखात ठरलं. अल्काची एकदाणी, पाटल्या अन् झुमके तिच्याच अंगावर जाणार, हे तं ती पाळण्यात होती तेव्हापासूनच ठरलं होतं. होळी झाली अन् मी डबा काढला.

दिवाळीले मीच धुऊन ठेवलं होतं सगळं. गुलाबी कागद उलगडला तं पाटल्यांच्या नक्षीत मळ भरलेला. बाईच्या हातातल्या पाटल्यांत जसा कणिक-घामाचा काळा मळ बसते, तसा. पितळेच्या वाटीत सोडल्या अन् पाणी चहासारखं झालं.

न घातलेल्या सोन्याले मळ येत नाही. मळ अंगाचा असते, सोन्याचा नाही. मी स्वतःलेच म्हटलं, डब्याले गंज असेल, बोअरचं पाणी जड आहे, रिठेच जुने असतील. एवढी कारणं सापडली का माणसाले बरं वाटते, तसं मलेही वाटलं.

मग मी माझी वाटी पाह्यली. माझी पोत अन् कानातले घंटाभर भिजत होते. ती पोत मी आंघोळीलेही काढत नाही. यवतमाळचा उन्हाळा, गॅसपुढचा घाम, शेंगदाण्याचं तेल, सगळं तिच्यावरून जाते. अन् पाणी जसंच्या तसं. मी वाटी खिडकीच्या उजेडात धरली, तं बुडाशी ठोकलेलं भांडेवाल्याचं नाव वाचता येत होतं.

मी ते पाणी तुळशीत टाकलं.

३

पहिला संशय नयनवर. पोरीची जात, लग्न जवळ आलेलं, आरशापुढे घालून पाहत असेल. त्यात वाईट काय आहे? पण लपून कायले?

ती मधल्या खोलीत मोबाईलवर मेंदीच्या डिझाईन पाहत पडली होती.

"नयन, तू आईचं सोनं घालून पाहतं का गं?"

"कोणत्या आईचं?" तिनं मान वर केली. "माही आई तं हे समोर उभी हाये, कमरेवर हात ठेवून."

"मस्करी नको करू. अल्काताईचं."

"मी काहून घालीन? मले त्या एकदाणीची भीतीच वाटते. लहानपणी आजी म्हणे, तुही आई मेली तेव्हा तिच्या गळ्यात हेच होती."

सहा वर्षांची होती ती, मी आली तेव्हा. दोन महिने माझ्याशी बोललीच नाही. मग एक दिवस शाळेतून रडत आली, अन् दारातूनच "आई" म्हणून सरळ माझ्या कुशीत शिरली. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. घर तिचं, नवरा तिचा, सासू तिची, सणाचा पहिला मान तिचा. तो एक शब्द माझा होता, अन् त्याच्यावर मी सोळा वर्षं काढले.

कपाटाले कुलूप घातलं. किल्ली कमरेले खोचली अन् झोपतानाही काढली नाही. आठ-दहा दिवसांनी उघडून पाह्यलं. झुमक्यांच्या जाळीत पांढरी भुकटी बसली होती. नाकाजवळ नेली तं चंदनाची पावडर. पाटलीच्या कडेले ओलं कुंकू लागलं होतं. आमच्या घरी पावडर कोणी लावत नाही, अन् मी टिकली लावते.

४

एकदाणी घेऊन मी मन्सूरभाईच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे सराफ्यातली एक फळी अन् एक दिवा. बापाच्या काळापासून पोती ओवाचा त्यांचा धंदा. मले वाटलं, तार बदलून घेऊ, म्हणजे लग्नात तुटाची भीती नको.

त्यांनी एकदाणी हातावर तोलली, मण्यांमधली तार ताणून पाह्यली.

"ताई, इतकी झिजू द्यावी का? दोन केसाएवढी बारीक राह्यली तार. रोज घालता तं साल-दोन सालात बदलून घ्या लागते."

"कोणी घालत नाही हो. कपाटातच असते."

ते हसले. "असं कसं? मानेच्या मागचे मणी पाहा नं. घासून चपटे झाले. कपाटात काय मणी घासतात?"

"माझ्या सवतीची आहे. मेली ती."

त्यांचं हसू गेलं. मग ते मान खाली घालून तार बदलू लागले. मी पोतीतला टाक मुठीत धरून बसली. काम झाल्यावर मी म्हटलं, माझ्याही पोतीची तार पाहून घ्या.

त्यांनी पाह्यली. "हे तं नवी आहे. कालच ओवली का?"

सोळा वर्षांत ती तार एकदाही बदलली नव्हती. मी "हाव" म्हटलं अन् उठली.

५

त्याच दिवशी हे लोहाऱ्याहून, एमआयडीसीतून, ड्युटी करून आले तेव्हा मी च्याबरोबर विषय काढला.

"नयनले ते सोनं नका घालू."

"काहून?"

काय सांगू? पाणी काळं झालं म्हणून? मी म्हटलं, "मले ते चांगलं वाटत नाही."

"तुले तं तिच्या नावाचाच राग हाये." हे कपातून बशीत च्या ओतत होते. माझ्याकडे पाहत नव्हते. "तिच्या आईचं सोनं हाये. ते नाही घालाचं तं काय बाजारातलं पॉलिशचं घालाचं?"

पलंगावरून सासू बोलली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान पक्के. "मांडवात आधी अल्काचा फोटो ठेवाचा, प्रफुल्ल. हळद आधी टाकाले, मग पोरीले."

"अन् आई म्हणून पोरीजवळ कोण उभं राहील?" मी विचारलं.

"तू तं आहेच नं," हे म्हणले.

आहेच नं. कोपऱ्यातला कूलर आहेच नं, तशी मीही आहेच. डोक्यात अशी तिडीक गेली का कपबशी उचलून भिंतीवर मारावी वाटली. पण धुऊन पालथी ठेवली. जिनं या पोरीचा एक ताप उशाशी बसून काढला नाही, ती फोटोतून पुढे येणार, अन् मी मागे उभी राहून ताट धरणार. मले मानाची भूक होती, खोटं कायले सांगू? एकदा तरी या घरानं आधी माझं नाव घ्यावं, एवढंच पाह्यजे होतं.

६

चैत्र लागला. दुपारी लाईन गेली का घर एकदम गप्प होई. कूलर बंद, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

अशाच एका दुपारी मी सैपाकघरात लग्नाच्या कुरड्यांचा चीक घोटत होती. मधल्या खोलीत पाटल्या वाजल्या. बांगड्यांचा आवाज अन् पाटल्यांचा आवाज यांत फरक असते. पाटली पाटलीवर आपटली का जाड, बसका आवाज येते. मग सासूचा आवाज आला.

"हाव, तिथंच. बस झालं आता. नाही दुखत."

नयन मैत्रिणीकडे गेलती. हे कामावर. गॅसवरचा चीक तसाच सोडून मी गेली. सासू पलंगावर एकटी, लुगडं पोटऱ्यांपर्यंत सरकलेलं. पोटऱ्यांवर तेल चमकत होतं.

"कोण होतं, आत्याबाई?"

"सून. आत्ताच तं पाय चेपून गेली."

"मी तं सैपाकघरात होती."

"तू नाही वं," ती म्हणली, जरा चिडूनच. "तू तं नवी."

म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरते. माझ्या आज्यालेही शेवटी तसंच झालं होतं, मेलेल्या भावाशी गप्पा मारे. मी स्वतःले तेच सांगितलं. तेल तिनं स्वतःच लावलं असेल. पण तेलाची शिशी फळीवर होती, अन् तिले त्या फळीपर्यंत जाताच येत नाही.

मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. घामानं नुसती भिजली होती. पांढरं फडकं ओलं करून मान घासली, पोतीच्या खालून, कानामागून, चामडी लाल होईपर्यंत घासली. फडकं पाह्यलं. पांढरंच. आपण त्यानं अंग पुसलंच नाही असं.

तिथं उभी राहून मी फडक्याकडे पाहत राह्यली. मले रडू आलं, पण मग राग आला. मी या घरात राबली. माझा मळ कुठे गेला?

७

हळदीच्या आदल्या दिवशी शेवटचं धुवाचं होतं. सकाळपासून पाहुण्यांची रीघ. मी रिठ्याचं पाणी गाळलं, दोन वाट्या मांडल्या. माझी पोत अन् कानातले काढले, टाक कडीतून सोडवून बाजूले ठेवला. अल्काचं सोनं मांडलं. तेवढ्यात आचारी तेलाच्या डब्यासाठी हाका मारू लागला, म्हणून नयनले म्हटलं, जरा बस इथं, कोणाले हात लावू देजो नको.

वापस आली तं तिनं सगळं परातीत ओतलेलं. माझं, तिचं, टाक, सगळं एकाच पाण्यात. अन् बसून ब्रशनं घासत होती, पोरगी, हसत.

"तुले बसाले सांगितलं होतं, नयन."

"अवं आई, तुले किती काम. मी म्हटलं करून टाकते. एकाच पाण्यात होते नं, कायले दोन-दोन वाट्या?"

आत्याबाईचं बजावणं आठवलं, पाणी एक करजो नको. पण खरं सांगते, त्याच्या मागोमाग दुसरंही काही वाटलं. परातीतलं पाणी काळं झालं होतं. त्यात माझाही मळ असेल. कोणी वेगळा करून दाखवू शकणार नाही. मी तिच्या बाजूले बसली, दोघींनी मिळून दागिने खळबळले, फडक्यावर टाकले. ती तिच्या सासरच्यांच्या नकला करत होती. तेवढी दुपार चांगली गेली.

टाक सापडेना. परातीच्या तळाशी हात फिरवला तेव्हा बोटाले लागला. सोळा वर्षं घासून त्यातल्या बाईचं तोंड सपाट झालं होतं, नाक-डोळे काही राह्यले नव्हते. आता नाक दिसत होतं. रिठ्यानं उजळला असेल, मी म्हटलं. कडीत अडकवला अन् पोत गळ्यात घातली.

पोत गळ्यात आहे असं काही वाटलं नाही. हात लावून पाह्यलं, तं होती.

त्यानंतर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. लग्नघर आहे, कोण कोणाचं ऐकते? मी ह्यांना दोनदा विचारलं, गुरुजींचं सामान आलं का. ते माझ्या खांद्यावरून मागे कोणाले तरी म्हणले, "हाव, आणलं." आचाऱ्यानं मीठ विचारलं, मी सांगाच्या आधीच कोणीतरी सांगितलं. चंदनाच्या पावडरीचा वास इतका जवळून येत होता का माझ्याच अंगाले असावा. मी म्हटलं, थकली बाई तू. उद्या-परवाचं कार्य होऊन जाऊ दे.

८

हळद सकाळी होती. अंगणात मांडव, पाटावर नयन, पिवळ्या साडीत. गळ्यात एकदाणी, हातात पाटल्या. चांगली दिसत होती, नजर लागावी अशी. मी तिच्याकडे जाऊन राह्यली होती. पाय जमिनीले लागत नव्हते, पण गर्दीत लोक ढकलतात, तसं वाटलं.

सासूले खुर्चीवर बसवलं होतं, मांडीवर हळदीची वाटी. ती म्हणली, "आण तुही पोत इकडे. आधी तिले, मग पोरीले."

मी वाकली. का मले वाकवलं, ते नाही सांगता येत. सासूचा हात पुढे आला. तिची बोटं मी रोज पाहत होती, पण इतक्या जवळून कधीच नाही. नखातली हळद, अंगठ्यावरच्या चिरा. दोन बोटांत तिनं टाक धरला. माझ्या दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं झालं. तिनं अंगठा फिरवला, नाकावर, डोळ्यांवर, आंधळ्या माणसासारखा हळूहळू. मग ती थांबली.

अन् ती हसली. बोळक्या तोंडानं, लाडानं. "हळद लाव," म्हणावं तसं सहज म्हणली,

"सुरभी, घे बाई. पहिला मान तुहा."

माझ्या डोळ्यांवर गार हळद आली. सोळा वर्षं ज्या हाकेची मी वाट पाहत होती, ती अशी आली. मी "हाव, आत्याबाई" म्हणाले तोंड उघडलं. आवाज माझ्या वरून आला, कोणत्या तरी बाईचा, गोड, ओळखीचा नाही असा. "हाव, आत्याबाई," ती म्हणली. "हात थरथरते तुमचा. मी लावते."

एक हात माझ्या अंगावरून गेला. गोरा, गोल मनगटाचा. मनगटावर पाटलीचा जुना वळ होता. त्या हातानं नयनच्या गालाले हळद लावली, मग कपाळाले. नयननं वर पाह्यलं. मी ओरडली असेन. नयननं माझ्याकडे नाही, वर पाह्यलं, अन् तिचे डोळे भरले. मी तिची एकेक नजर ओळखते. तिच्यात जराही शंका नव्हती.

"आई," ती म्हणली, अन् पाटावरून उठून तिच्या गळ्यात पडली.

एवढी घट्ट मिठी तिनं मले कधी मारली नव्हती. अन् मी दोघींच्या मधातच होती, पोतीले अडकलेली, हात जोडून.